मराठी पानावर नसलेली बाई

"पुन्हा एकदा उघडा ना ते पान," तो म्हणाला.

"आत्ताच उघडलं होतं."

"म्हणून काय झालं? मधल्या वेळात कुणी सापडलं असेल."

मी पुन्हा उघडलं. पान होतं तसंच होतं. एक बोबडा मुलगा, दोन म्हातारे, लाल फेट्यातला एक माणूस, ज्याला त्याची बायको बहुधा मुद्दामच विसरून गेली असावी, आणि एक मुकी बाई. मुक्या बाईचं वय तीस लिहिलं होतं. त्याच्या आईचं वय सत्तरीच्या आसपास.

"नाही," मी म्हणाले.

तो खुर्चीवरून उठला, तंबूच्या दारापर्यंत गेला, उन्हात डोळे बारीक करून डोंगराकडे बघितलं आणि परत येऊन बसला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. खांद्याला अडकवलेली डब्याची पिशवी त्याने एकदाही खाली ठेवली नव्हती.

त्याचं नाव शिवशरण म्हमाणे. बार्शीला त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. आईला घेऊन मुगळीच्या डोंगरावर सिद्धनाथाच्या यात्रेला आला होता. आईचं नाव सुशीला. देवळाच्या गाभाऱ्यात त्याने तिचा हात धरला होता, नारळ पुढे करायला सोडला, आणि पुन्हा धरायला गेला तर तिथे दुसऱ्याच कुणाचा हात होता. एवढंच झालं होतं. पण आईला साखरेचा आजार. पहाटे तिने इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि दर्शन झाल्यावर खाते म्हणाली होती. खायचा डबा त्याच्या खांद्यावर, आई कुठे ते सिद्धनाथाला ठाऊक. शेजारच्या तंबूतल्या डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं, "फार वेळ जाऊ देऊ नका. चक्कर येऊन पडल्या तर गर्दीत कुणाला कळायचंसुद्धा नाही."

आणि मी तिथे काय करत होते? मी तिथे माझी करामत बघत बसले होते. तेव्हा मी पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला होते आणि यात्रा समितीच्या हरवले-सापडलेची वेबसाइट मी केली होती. मुगळीचा डोंगर अर्धा आपल्याकडे आणि अर्धा कर्नाटकात. देऊळ बरोबर माथ्यावर. आपल्या बाजूने चढणारे मराठी, पलीकडून चढणारे कानडी, आणि त्याच पलीकडच्या अंगाने तेलुगू लोकही यायचे. दरवर्षी माणसं हरवायची आणि दरवर्षी तंबूपुढे झुंबड उडायची. म्हणून समितीला वाटलं, सापडलेल्यांची नावं मोबाइलवर दिसली तर निम्मी गर्दी घरबसल्या, म्हणजे डोंगरबसल्या कमी होईल.

डोंगरावर रेंज म्हणजे आनंदच. त्यामुळे मी पानं अगदी हलकी ठेवली होती. फोटो नाहीत, रंग नाहीत. हॉटेलात मागितल्यावर डोसा घालतात तसं नाही, तर पंगतीत आधीच वाढून ठेवलेली ताटं असतात तसं. एक मराठीचं पान, एक कानडीचं, एक तेलुगूचं, एक इंग्रजीचं, चारही तयार करून ठेवलेली. माणसाने पत्ता टाकला की त्याचा फोनच आमच्या यंत्राला हळूच सांगतो, माझ्या मालकाला अमुक भाषा हवी. यंत्र ते पान उचलून देतं. बटण दाबायला नको, भाषा निवडायला नको. समितीच्या बैठकीत मी हे दाखवलं तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या आणि कानडी बाजूच्या सेक्रेटरींच्या फोनवर एकाच वेळी तोच पत्ता टाकला. एकावर मराठी उमटलं, एकावर कानडी. दोघे लहान मुलांसारखे हसले होते. मला दोन दिवस जमिनीवर पाय ठेवावासा वाटत नव्हता.

आता मात्र माझा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. मला मुळातच स्वस्थ बसता येत नाही, त्यात समोर हा माणूस.

"तुमच्या त्या मशीनमध्ये काही बिघाड तर नाही ना?" त्याने विचारलं.

"मशीनमध्ये नाही हो बिघाड."

"मग आई का दिसत नाही?"

"सापडल्या नसतील अजून. सापडल्या की कुणीतरी तंबूत आणून सोडतं, तंबूतला माणूस नाव टाकतो, नाव पानावर येतं. पानावर नाही म्हणजे कुठल्याच तंबूत नाहीत."

मी हे फार ठामपणे सांगितलं. तेव्हा मी सगळंच फार ठामपणे सांगायची.

"म्हणजे कुठेतरी पडली असेल," तो म्हणाला आणि पुन्हा उठला.

आमच्या तंबूवरच्या भोंग्यातून सकाळपासून तिचं नाव पुकारलं जात होतं. 'सुशीला म्हमाणे, बार्शी, आपण जिथे असाल तिथून मराठी बाजूच्या मंडपात यावे.' त्याच्या मधेमधे डोंगरापलीकडचा कानडी भोंगा वाऱ्यावर येत होता. त्यातलं मला काही कळत नव्हतं. 'गंगव्वा, गंगव्वा' एवढंच ऐकू येत होतं आणि पुढे काहीतरी लांबलचक.

"तो भोंगा बंद करायला सांगा हो त्यांना," शिवशरण वैतागून म्हणाला. "आपलं पुकारलेलं त्याच्यात ऐकूच जात नसेल आईला. कधीपासून एकीलाच हाका मारतायत."

"तिचीही मुलं शोधत असतील तिला."

"मग येत का नाहीत न्यायला? कसली माणसं असतात एकेक."

त्याचं बरोबरच होतं, असं मला वाटलं.

त्याने फोन काढला. बॅटरी लाल झाली होती. तरी त्याने पान उघडलं, खाली सरकवलं, वर आणलं. त्याचा फोन नीट मराठीत होता, अक्षरंसुद्धा मोठी करून ठेवली होती. "आईला वाचता यावं म्हणून," तो म्हणाला. "घरी माझाच फोन घेऊन बसते. तिला वाचायला फार आवडतं. बोलते कमी, वाचते जास्त."

"कमी बोलतात?"

"फार कमी. 'हो', 'नाही', 'जेवून घे', 'आलास का'. वडील असतानाही तसंच. स्वभावच शांत." मग जरा थांबून म्हणाला, "हरवली तरी कुणाला हाक मारायची नाही ती. बसून राहील एका कोपऱ्यात. तेच भ्या वाटतंय मला."

'भ्या' म्हणाला तेव्हा त्याचा आवाज चिरकला. पंचेचाळिशीचा, हाताला ग्रीसचा काळा डाग कायमचा लागलेला माणूस, आणि आवाज शाळकरी पोराचा. मला त्याची फार कणव आली आणि त्याचबरोबर रागही आला, कारण मला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी उगाच त्याला पाणी दिलं. त्याने घेतलं नाही.

तेवढ्यात एक धोतरवाले गृहस्थ आत आले. विजापूरकडचे. मराठी मोडकं पण धीट. त्यांचा मेव्हणा हरवला होता आणि पलीकडच्या बाजूला जायचं सोडून ते उतरले होते चुकून आमच्या बाजूला.

"हे बघा की मॅडम," त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला. "ह्यात नाव न्हाई बघा मेव्हण्याचं. इथं हाय का बसलेला?"

मी लाल फेटेवाल्याकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. मेव्हणा टकला होता आणि फेटा बांधत नव्हता.

मी त्यांचा फोन परत देणार होते. पण बोट आपोआप पान खाली सरकवत गेलं, मला सवयच आहे. पान सरकतच राहिलं. कानडी अक्षरं मला सगळी सारखीच, गोल गोल जिलब्या. पण लांबी कळायला अक्षरओळख लागत नाही. आमचं पान दोन बोटांत संपत होतं. हे कितीतरी लांब होतं.

"हे एवढं कसं?" मी मोठ्यानेच म्हणाले.

"काय झालं?" शिवशरण ताडकन उभा राहिला.

सगळ्या पानांवर सारखीच नावं असायला हवी होती. एका तंबूत नाव आलं की तिथले लोक ते दुसऱ्या भाषेत उतरवून आम्हाला पाठवायचे, अशी पद्धत आम्ही ठरवली होती. कानडी बाजूचं उतरवायचं काम तिथल्या नीलांबिका टीचरांकडे होतं. मी त्यांना फोन लावला.

"टीचर, तुमच्या पानावर इतकी माणसं आहेत आणि आमच्याकडे आली का नाहीत?"

"पाठविलं की सगळी," पलीकडून टीचर म्हणाल्या. मागे बायकांचा गलका होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "तुमच्या गावाची जेवढी हायती तेवढी पाठविली."

"आमच्या गावाची म्हणजे?"

"म्हणजे महाराष्ट्राची हो. बाकीची आमच्याकडची. हिकडची बाई तुमच्या मराठीत कोण शोधणार, मॅडम? उगाच तुमचं पान कशाला भरायचं, म्हटलं मी. गर्दीत वाचायला सोपं जाईल लोकास्नी."

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. पण त्यांचं म्हणणं इतकं शहाणपणाचं होतं की चिडायला जागाच नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. कानडी गावच्या माणसाला शोधणाऱ्याचा फोन कानडीच असणार, यात शंका घेण्यासारखं काय होतं? माझं सगळं यंत्रसुद्धा त्याच समजुतीवर उभं होतं.

"बरं, बघते," म्हणून मी फोन ठेवला आणि धोतरवाल्यांना म्हटलं, "काका, एवढं सगळं वाचून दाखवाल का मला? फक्त बायका."

"सगळं?"

"सगळं."

ते खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि एकेक नाव मराठीत सांगू लागले. पहिल्या दोन-तीन मुली होत्या. मग एक बाई पंचेचाळिशीची. मग एक आजी, पण तिच्याबरोबर नातही होती. शिवशरण प्रत्येक नावाला मान हलवत होता आणि त्याचं लक्ष अर्धं दाराकडे होतं.

"मग ही गंगव्वा," काका म्हणाले. "हिरेमुरळची. वय सत्तर. हिरवं इरकल. हनुवटीवर गोंदण, तीन टिंबं. डाव्या हाताची करंगळी वाकडी."

शिवशरणची मान थांबली.

"परत वाचा."

काकांनी परत वाचलं.

"आईचं लुगडं हिरवंच आहे," तो हळूच म्हणाला. "गोंदणही आहे. आणि करंगळी... करंगळी जात्यात सापडली होती तिची, लहानपणी."

"मग चला!" मी उठलेच.

तो मात्र उठला नाही. मघापासून खुर्चीला टेकत नव्हता तो माणूस, आणि आता जागेवरून हलेना.

"नाही हो. ती आई नाही."

"अहो, करंगळीसुद्धा जुळते!"

"नाव गंगव्वा आहे. आई सुशीला. आणि हिरेमुरळ कुठलं? आम्ही बार्शीचे." मग एकदम ठासून म्हणाला, "आणि तिथे सगळं कानडीत विचारून लिहितात ना? आईला कानडी येत नाही."

"येत नाही?"

"एक शब्द येत नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे मॅडम, एकदा तरी ऐकलं असतं ना मी तिच्या तोंडून."

धोतरवाले काका एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. मला आतून काहीतरी टोचत होतं. काय ते नीट कळत नव्हतं, पण माझा पाय हलायचा थांबला होता.

"तुमच्या आईचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

"माहेर ना, तिकडेच कुठेतरी. सीमेजवळ. मामा लवकर गेले, मग जाणंयेणं राहिलं नाही. मी तर गेलेलोच नाही कधी."

"गावाचं नाव?"

तो डब्याच्या पिशवीचा पट्टा चाचपायला लागला.

"बरं, लग्नाआधीचं नाव काय होतं त्यांचं?"

"आडनाव? आडनाव बहुतेक..."

"आडनाव नाही हो. नाव. आईचं नाव."

"सुशीला," तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा पडला. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि मांडव टाळ्या वाजवतो, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. स्वतःच्या लग्नात त्यानेही लिहिलंच असणार. पण आपल्या आईचंही कधीतरी दुसरं नाव असेल, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"कुणाला माहीत असेल?" मी विचारलं.

"आत्याला."

त्याच्या फोनने मान टाकली होती. मी माझा दिला. आत्याचा नंबर त्याला पाठ होता, आणि डोंगरावर कधी नव्हे ते एका झटक्यात लागला. आवाज कमी येत होता म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला. आत्याने उचलल्या उचलल्या सुरुवात केली.

"काय रे, पोचलात का? दर्शन झालं? वहिनीला उन्हाचं चालवू नको फार."

"आत्या, आईचं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

"आता हे काय मधेच?"

"सांग ना लवकर."

"अरे, गंगव्वा. हिरेमुरळच्या पाटलांची गंगव्वा. का रे?"

भोंग्यातून त्याच क्षणी तेच नाव आलं की नाही, मला आठवत नाही. आलं असतं तरी आमच्यातल्या कुणालाच ऐकू गेलं नसतं.

"मग सुशीला कोणी ठेवलं?" त्याने विचारलं.

"आमच्या दादांनी. तुझ्या आजोबांनी रे. म्हणाले, गंगव्वा म्हणजे अगदीच खेडवळ वाटतंय, बार्शीत लोक हसतील. तांदळात सुशीला लिहिलं तुझ्या बापाने, तोंडातून तंबाखू न काढता."

"आणि आत्या, आईला कानडी येतं?"

आत्या हसली. "येतं म्हणजे? लग्न होऊन आली तेव्हा तिला तेवढंच येत होतं. मराठी एक अक्षर येत नव्हतं. सगळं खुणेनं. मी शिकवलं तिला, पाटीवर. पहिल्याच दिवशी दादांनी बजावलं होतं ना, या घरात कानडी बोलायचं नाही, पोरांची भाषा बिघडेल. तेव्हापासून जी गप्प झाली ती झालीच. आधी फार बडबडी होती रे. वरातीत गाडीतून सगळ्या रस्ताभर बोलत आली होती. काय झालंय? वहिनी कुठाय? दे तिला फोन."

"देतो," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

मग मात्र तो असा सुटला की मला त्याच्या मागे धावावं लागलं. पलीकडच्या तंबूकडे जायला डोंगराच्या कडेकडेने एक पायवाट होती, बैलगाड्यांची आणि आइस्क्रीमवाल्यांची. आम्ही माणसांना धक्के देत, शिव्या खात निघालो. ऊन डोक्यावर आलं होतं. वाटेत मी टीचरांना पुन्हा फोन लावला आणि धापा टाकत विचारलं, "ती गंगव्वा ठीक आहे ना? काही खाल्लंय का तिने? तिला साखरेचा आजार आहे."

"खाल्लं की! आल्या आल्या त्येनीच सांगितलं, इंजेक्शन घेतलंय, आधी भाकरी द्या म्हणून. दोन भाकऱ्या खाल्ल्या, शेंगाचटणी घेऊन. पण घरचं कोण येईना बघा न्यायला. किती पुकारलो आम्ही."

मी हे शिवशरणला ओरडून सांगितलं. त्याने ऐकलं आणि चालण्याचा वेग आणखीच वाढवला. मला वाटलं होतं, आता तरी जरा दम खाईल.

"पण असं का केलं आईने?" तो पुढे बघूनच म्हणाला. "बार्शी सांगायचं ना. सुशीला सांगायचं ना. मला हाक मारायची ती सोडून खोटं नाव..."

"खोटं नाहीये ते."

"मग सांगितलं का असं?"

फोन अजून चालूच होता. मी मधेच थांबून टीचरांनाच विचारलं, "टीचर, तुम्ही काय विचारलं होतं त्यांना? नेमकं?"

"काय विचारणार? आमच्या भाषेत विचारलं, अव्वा, नाव काय तुमचं, गाव कुठलं. त्येनी सांगितलं. सांगताना खुशीत होत्या हो. मला वाटलं, हिकडचीच हाय."

मी फोन खिशात टाकला. सगळं किती साधं होतं ते मला चालता चालता कळलं. कानडीत कुणी तिला कधी सुशीला म्हटलंच नव्हतं. त्या भाषेत नाव विचारलं की गंगव्वा, आणि गाव विचारलं की हिरेमुरळ. तिने काही लपवलं नव्हतं. तिला ज्या भाषेत विचारलं त्या भाषेतलं खरं तिने सांगितलं होतं. मी हे शिवशरणला सांगितलं. त्याने 'हं' केलं. कळलं की नाही कोण जाणे.

कानडी तंबू आमच्याहून मोठा होता. बाहेर चूल, भाकऱ्यांचा वास, लहान पोरांची रडारड. आत पोचायच्या आधीच मला एक आवाज ऐकू आला. मघाशी फोनवर मागे ऐकलेला तोच, खणखणीत, वरच्या पट्टीतला, वाक्य संपायच्या आधीच हसू फुटणारा. कुणीतरी बाई गोष्ट रंगवून सांगत होती आणि बाकीच्या बायका पोट धरून हसत होत्या.

शिवशरण दारात थबकला.

आत दहाबारा बायका घोळक्याने बसल्या होत्या. मधोमध हिरवं इरकल, हनुवटीवर गोंदण. पदर खांद्यावरून घसरलेला, दोन्ही हात हवेत. कुणाची तरी नक्कल करून दाखवत होती. बहुतेक एखाद्या सासूची, कारण शेजारची तरुण बाई तोंडाला पदर लावून कोसळत होती.

"ही आई आहे?" मी हळूच विचारलं.

त्याने मान डोलावली, पण पुढे गेला नाही. "हा आवाज तिचा नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिचाच आहे."

तिला तो दिसला. हातवारे तसेच अर्ध्यावर राहिले. घाईघाईने पदर डोक्यावर आला. "आलास?" ती म्हणाली. मराठीत, अगदी बारीक आवाजात. त्याने सांगितली होती ती आई हीच.

तो तिच्यापुढे जाऊन मटकन खाली बसला आणि बरसला. "आई, कुठे कुठे शोधलं तुला! इन्सुलिन घेतलं होतंस ना तू? मला वाटलं..." काय वाटलं ते त्याला बोलवलं नाही. त्याने पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडायला लागला. ते उघडेना.

"जेवले मी," ती म्हणाली.

नीलांबिका टीचर तोवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. ठेंगण्या, घामाघूम, गळ्यात शिट्टी. "थांबा हं," त्या म्हणाल्या. "असं कुणाच्याही हवाली करता येत न्हाई आम्हास्नी. नियम हाय. ज्याला न्यायचं त्येलाच विचारावं लागतं, हा कोण तुझा."

"अहो, मी सांगतो ना! मुलगा आहे मी तिचा!"

"तुमचं बरोबर हाय हो. पण सगळेच मुलगा म्हणून येत्यात." टीचर म्हातारीजवळ वाकल्या आणि त्याच्याकडे बोट करून कानडीत काहीतरी विचारलं.

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. मग टीचरांकडे वळून बोलायला लागली. आवाज पुन्हा मोकळा झाला होता, मघासारखा मोठा नाही, पण मोकळा. ती बरंच बोलली. मधेच हसली, मधेच हाताने काहीतरी मोडीत काढल्यासारखं केलं. हसणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. ती तरुण बाई खाली बघायला लागली. टीचरांनी शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

शिवशरण या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. तिथे बसलेल्या सगळ्यांना त्याची आई कळत होती, आणि त्याला कळत नव्हती.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं. मग तो आईलाच म्हणाला, "काय म्हणालीस, आई?"

ती नुसती हसली आणि डब्याचं झाकण त्याच्या हातातून घेऊन उघडून दिलं. "तू खाल्लं नाहीस ना? खा."

"टीचर, काय म्हणाली ती?"

टीचरांनी घसा साफ केला.

"म्हणतात, माझाच हाय. गुणाचा हाय लेकरू. सकाळपासून काय खाल्लेला नसेल, त्याच्यावर ओरडू नका." त्या जरा थांबल्या. "आणि म्हणतात, त्याच्याशी मराठीत बोला, त्याला आपलं बोलणं येत न्हाई. त्याची काय चूक न्हाई त्यात, म्हणतात. मीच शिकवलं न्हाई त्याला."